स्वच्छ टेक

दादाने बाबांच्या पंचाहत्तरीसाठी गाणं केलं. नेटवरून तयार म्युझिक ट्रॅक उतरवला, हॉलमध्ये माईक मांडला आणि कानाला हेडफोन लावून, स्वतःच्याच आवाजावर खूश होत, दिवसभर कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करत बसला. पंखा बंद, फ्रिज बंद, वहिनीला शिंकायचीही चोरी. तरी प्रत्येक टेकमध्ये मागे बारीक घरघर येतच होती आणि हा सगळ्या घरावर डाफरत होता.

संध्याकाळी एकदाचं गाणं नातेवाइकांच्या ग्रुपवर पडलं. 'बाबा, तुम्ही शंभर वर्षं जगा!' आत्या रडली, काका रडले. मामीने लिहिलं, "मुलगा असावा तर असा."

मी माहेरी पोचले तेव्हा आतल्या खोलीत बाबा पलंगाची कड धरून धापा टाकत होते. चेहरा काळवंडलेला, बोलवतही नव्हतं. बाहेर हा मोबाइलवरच्या शाबासक्या चाटत बसलेला.

"काय केलंस रे त्यांना?" मी किंचाळले.

 

"अगं, ओरडतेस काय? ऑक्सिजनचं मशीन फक्त कडव्यांपुरतं बंद करत होतो. मुखड्याला चालूच होतं की, तिथे ड्रम्स आहेत, घरघर ऐकू येत नाही."