बिडाचं खोकं

आर्किटेक्ट अण्णासाहेबांकडे वर्षभर खेटे घालून फायर अलार्म विकणाऱ्या जयसिंगने चिंचवडच्या नव्या कारखान्याच्या टेंडरातल्या अटी स्वतःच लिहून दिल्या. अलार्मचं खोकं बिडाचंच, म्हणजे ओतीव लोखंडाचंच हवं, अशी मेख त्यात मारून ठेवली. तसा अलार्म फक्त त्याच्याच कंपनीचा होता.

टेंडरं उघडली आणि अण्णासाहेब म्हणाले, "जयसिंगराव, तुमचंही बाद. तुमच्या कंपनीने पत्र्याचं खोकं दिलंय."

बीड जड पडतं म्हणून कंपनीच्या मुंबईच्या साहेबांनी मॉडेलच बदललं होतं, आणि ह्याला कळवायला साधा ट्रंककॉलही केला नव्हता.

दात-ओठ खात त्याने विचारलं, "मग काम गेलं कुणाला?"

 

"भोसरीच्या भंगारवाल्या ज्योतीरामला. तुमच्या साहेबांनी भंगारात काढलेले बिडाचे अलार्म त्यानेच उचलले होते."