पेजेचा चमचा

धार संस्थान विलीन झालं तेव्हाही भगवंतराव एवढे वैतागले नव्हते. लकव्यानं बायकोचं अंग गेलं, वाचा गेली. पापण्या आणि ओठ तेवढे हलत. तिला भरवल्याशिवाय आपण जेवायचं नाही, असा यांचा हट्ट. ती मात्र कालपासून पेजेच्या चमच्यापुढे ओठ मिटून पडलेली. "आता पाया पडू का?" ते करवादले. शेजारचा कंपाउंडर म्हणाला, "भिया, पाटी पे अक्षर लिख दो. पलक झपकाके बोलेंगी." भगवंतराव मुळाक्षरं लिहून एकेकावर बोट ठेवत गेले, ती डोळे मिटेल ते अक्षर धरायचं. पेज निवली, यांच्या पोटात कावळे कोकलू लागले, तेव्हा कुठे शब्द जुळले: 'आधी तुम्ही.' तीस वर्षांत ती यांच्याआधी कधीच जेवली नव्हती. रागारागानं त्यांनी चमचा स्वतःच्या तोंडात कोंबला. तो धुवायला उठणार, तेवढ्यात तिनं तोंड उघडलं.