भाडं उतरलं की
पुण्याचा माझा भाऊ नागपूरला यायचा तो विमानाचं भाडं बघून. पगार लाखांत, पण ऐनवेळी तिकीट स्वस्त मिळालं तरच साहेबांना बाप आठवायचा. मग जेवताना त्या तिकिटाचंच कौतुक, जणू अख्खं विमानच विकत घेतलंय.

बाबा रोज सकाळी मोबाईलवर भाडं बघायचे. चढं असलं की "आज नाही यायचा तो," म्हणत दाढी तशीच ठेवायचे. उतरलं की गरम पाणी, ब्रश, साबण.

दिवाळीच्या तोंडावर दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "मुलाला बोलवून घ्या." मी फोन केला.

"ताई, आजचं भाडं बघितलंस का? उद्या उतरेल, येतोच."

बाबांनी ऑक्सिजनचा मास्क सरकवला. "उतरलं का गं?"

"हो बाबा. उतरलं."

त्यांनी हनुवटी वर केली. मी ब्रशवर साबण घेतला.

संध्याकाळी ते गेले. सकाळी भाऊ आला, तोंड पाडून. आत्याने विचारलं, "तिकीट मिळालं का रे लगेच?"

"हो, तेही निम्म्यात," तो बोलून गेला.

मी बाबांच्या चेहऱ्यावरची चादर बाजूला केली.

"बघून घे. दाढी तुझ्यासाठीच केलीय."