सात एकरांचा फेरा

कारभारी पुन्हा मशीनवर चढून बसला. डावा पाय त्याने खाली पायडलवर ठेवला आणि उजवा दुमडून मांडीखाली घेतला.

भुजंगशेठला हसू आवरेना. "मामा, पंगतीला बसलात का? दोन्ही पाय सोडून बसा की."

"असंच बरं हाय शेठ," कारभारी म्हणाला. "करा चालू."

जुन्या जालन्यात, गल्लीच्या तोंडाशी भुजंगशेठचं जुन्या मशिनरीचं दुकान होतं. पाण्याचे पंप, डिझेल इंजिनं, कडबाकुट्ट्या असा सगळा माल. हे लाल मशीन मात्र त्याच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. एका बियाणं कंपनीने आपली बाग मोडली, तेव्हा लिलावात त्याने ते उचललं. वर बसायचं, दांडा पुढे ढकलायचा आणि हिरवळ कापत फिरायचं. पाच महिने ते तसंच पडून होतं. जालन्यात एवढी हिरवळ आहे कोणाकडे?

म्हणून तीर्थपुरीचा हा साठीचा शेतकरी टेम्पो घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा शेठने आधी चहा मागवला.

मशीन दुकानापुढच्या मोकळ्या जागेत फिरलं. वळलं, थांबलं, मागे आलं.

"ब्रेक डाव्या पायालाच हाय ना?" कारभारीने विचारलं.

"क्लच, ब्रेक, सगळं त्या एका पायडलवर. बाकी सगळं हातात."

"बराबर." कारभारी उतरला आणि टेम्पोकडे गेला.

टेम्पोत पुढच्या सीटवर त्याची बायको द्वारकाबाई चहा पीत बसली होती. घ्यायचं की नाही, ते तीच ठरवणार होती. दीड वर्षापूर्वी कारभारी त्या कंपनीत कापसाचं बी पोहोचवायला गेला होता. तिथला माळी असल्याच मशीनवर बसून बागेत फिरत होता. दुपारपर्यंत त्याचा पाय मातीला लागला नाही. घरी येऊन कारभारीने ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. द्वारकाबाई हसली नाही. "मला तसलं मशीन पाहिजे," ती म्हणाली. दिवाळीच्या आत आणतो, असा शब्द त्याने दिला. ती दिवाळी गेली. आता दुसरी आठ दिवसांवर आली होती.

खिशात म्हैस विकून आलेले बारा हजार होते. त्यात बसलं तर आजच. उद्या औरंगाबादचा एक हॉटेलवाला हेच मशीन बघायला येणार होता.

कारभारी परत आला तो गाठ मारलेली सुतळी घेऊन. त्याने ती जमिनीपासून सीटपर्यंत लावून पाहिली.

"गवत कापायचंय का बाज विणायचीय?" शेठने विचारलं.

"घरचीनं दिली. गाठीच्या वर सीट नको म्हणती."

सीट गाठीच्या दोन बोटं खालीच भरली. कारभारी खूश झाला. मग त्याने हाताने मशीनची रुंदी मोजली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला.

"मामींना म्हणा, उतरा की खाली. एकदा डोळ्यांनी बघून घ्या."

"सौदा झाल्याबिगर ती उतरत न्हाई."

"कडक दिसतात."

"बिलकुल."

"फिरवायचं कुठंय मशीन? जागा केवढी?"

"सात एकर. रोज सगळं तिच्या नजरेखालून गेलं पाहिजे, अशी खोड हाय."

सात एकर हिरवळ! कोणा मोठ्या माणसाचा बंगला असणार आणि हे दोघं तिथली देखभाल करत असणार, असं शेठने मनात ठरवलं. अठरा सांगणार होता, त्याने वीस सांगितले.

"नऊ," कारभारी म्हणाला.

"नवात नुसती चाकं येतील मामा. इंजिनाचा आवाज ऐकला का? भिंगरी आहे भिंगरी."

"आवाजाचंच म्हणून राह्यली ती. लई होतो म्हणती."

"मशीन आहे ते. गाय नाही."

कारभारी पुन्हा टेम्पोकडे गेला. या खेपेला बराच वेळ बोलणं झालं. एकदा द्वारकाबाईचा आवाज चढलेलाही शेठने ऐकला. परत आल्यावर कारभारी म्हणाला, "घरची म्हणती, खालची पाती काढून घ्या आन् तेवढे पैसे कमी करा. आवाज बी कमी व्हईल."

शेठने विचारलं, "पाती नकोत?"

"नको."

"गावात लोहार आहे वाटतं चांगला?"

"हाय की. एक नंबर हाय."

असल्या परदेशी पात्यांचे पाच-सहा हजार सहज येणार होते, आणि हा माणूस ती सोडून चालला होता. शेठने तोंडावर दुःख आणलं. "पंधरा द्या."

"अकरा."

"मामा, तुम्ही मला दिवाळी करू देता का नाही?"

"तुमची व्हईल हो. माझी अडलीय."

बारावर हात मिळाले. मिस्त्रीने मशीन कलतं केलं आणि पाती सोडवून शेठच्या हातात दिली. शेठ त्याच्या कानाशी लागला. "बघ. आज धार नसलेला विळा विकला."

मिस्त्री खो खो हसला आणि टेम्पोला फळी लावायला निघाला.

"थांबा जरा," कारभारी म्हणाला. "आधी घरचीला बसून बघू द्या. तेवढी गल्ली फिरून येईल."

त्याने टेम्पोचं दार उघडलं.

"झाला का सौदा?" आतून द्वारकाबाई म्हणाली. "मंग जल्दी उतरवा मला. तीन वर्षं झाली कपाशीत जाऊन. गडी रोज बाजेशी येऊन सांगतो, मालकीण, सगळं बेस हाय. उद्या मीच शेताच्या धुऱ्यावर उभी राहते, मंग बघते काय बेस हाय."

भुजंगशेठ पाती हातात धरून बघत राहिला. कारभारीने सीटखालून बायकोची चप्पल काढली, फुंकून साफ केली आणि खाली ठेवली. डाव्या पायाची. एकच.