पिल्लांवरची मरळ

आत्याने संपतच्या हातातला कोयता काढून घेतला आणि गळाची काठी दिली. "आधी मरळ धर. मग दौलतला काप."

दौलतने संपतच्या बापाचा, आबांचा, पाय मोडला होता. साक्षीला गावातलं कुणी उभं राहिलं नाही. शिवाय चहाच्या टपरीवर दौलत रोज टोमणे मारायचा. संपत चिडून पाण्यात गळ आपटत राहिला. मासा काही येईना.

"आपटू नको, मुडद्या. ती पिल्लं राखतेय. गळाला लावलेला बेडूक त्यांच्यावरून नुसता फिरवत राहा."

उन्हं उतरेस्तोवर तो फिरवत राहिला. शेवटी मरळ उसळली आणि बेडूक गळासकट गिळून बसली.

"भूक नव्हती तिला," आत्या म्हणाली. "राग आला, म्हणून मेली."

दुसऱ्या दिवशी हवालदार चहाला येईपर्यंत संपत टपरीवर गप्प बसला. मग गोड आवाजात म्हणाला, "दौलतदादा, तुझा थोरला काल आमच्या आबांच्या पाया पडून गेला. बापाची लाज वाटते म्हणाला."

दौलतने हवालदारासमोरच बाकडं उचलून त्याच्या डोक्यात घातलं. रक्त डोळ्यात उतरलं, तरी संपतने खिशातले हात बाहेर काढले नाहीत.