वारेचं मडकं

नगरच्या दवाखान्यात स्ट्रेचर ऑपरेशन थेटरच्या दाराशी थांबलं तेव्हा आरतीचं बीपी एकशे सत्तरच्या वर गेलं होतं, पाय सुजून भोपळे झाले होते, आणि सासू मनकर्णाबाई कोरं मडकं पोटाशी धरून शेजारी उभ्या होत्या. मडक्यात हळद, कुंकू, सुपारी. बाळामागून पडणारी वार त्यात घालायची आणि गावी नेऊन न्हाणीपाशी पुरायची, ही घरची रीत.

आडवी आली ती रेश्मा सिस्टर. हातात कागद.

"असं बीपी चढलं की बाळाची वाढ खुंटते. वारेतली एन्झाइमं त्याला खाणं पोचवायला मदत करतात, तीच कमी पडतात का, ते डॉक्टर तपासतायत. तुमची वार द्याल का? नाही म्हणालात तरी उपचारात फरक नाही."

"न्हाई!" मनकर्णाबाई कडाडल्या. "वार परक्याच्या हाती गेली तर लेकरू जगत न्हाई. आन् तपासायचं काय त्यात? हिची कूसच कोती! पहिली पोर मांजराच्या पिलायेवढी जन्मली, आठ दिसांत गेली."

कूस कोती! दोन वर्षं आरतीनं हे शब्द भाकरीबरोबर गिळले होते. कुणाच्या बारशात पाळण्याला हात लावायची सोय नव्हती. आता पोटात दुसरं होतं, आठव्या महिन्यात जेमतेम दीड किलोचं, आणि बाईमाणसानंच बाईवर मारायचा तो शिक्का पुन्हा तयार! तिचं डोकं ठणकत होतं, पण राग त्याहून जास्त ठणकत होता.

"आत्याबाई, त्या येळची वार तुमीच पुरली ना? सुपारी घालून?"

"व्हय."

"मग पोर का गेली?"

मनकर्णाबाई मडक्यातली सुपारी उगाच सारखी करू लागल्या.

"आना कागद, सिस्टर. दोष माजा हाय का वारंचा, बघू द्या की एकदा!"

सुजलेल्या बोटांत पेन धरता येईना. तिनं ते मुठीत आवळलं आणि नाव लिहिलं, आडनावासकट.

"आता मोकळं मडकं घिऊन मी गावात कशी जाऊ?" म्हातारीचा आवाज चिरकला.

"बारशाच्या घुगऱ्या शिजवा त्यात."

स्ट्रेचर हललं. मनकर्णाबाई मडक्याकडे बघत राहिल्या. मग न राहवून बोलून गेल्या, "येवढ्याशात गावाच्या घुगऱ्या कशा मावतील गं?"

दार मिटता मिटता आतून आरती ओरडली, "मग मोठं आना!"