न दिसणारा उजेड

तुम्ही सांगितलं होतं, जो उजेड दिसत नाही तो डोळ्याला काही करत नाही. हसत सांगितलं होतं. आणि सांगता सांगता डोळे राखायचे हिरवे चष्मे कपाटात टाकून किल्ली खिशात घातली होती. ते चष्मे परदेशी पाहुणे आले की निघायचे.

हे सगळं छाया मनातल्या मनात साहेबांना म्हणत होती. बाहेर अंबडच्या कारखान्यांच्या रस्त्यावर मे महिन्याचं ऊन पेटलेलं होतं. साल २००७.

टेबलावर नखाएवढी काच बसवलेली होती. काचेच्या पोटात केसाहून बारीक वाटा. दोन दुर्बिणींनी पकडलेला एकाच ताऱ्याचा उजेड या वाटांनी आत यायचा, आत गाठ पडायची, आणि नीट जुळला तर एकमेकाला मारून टाकायचा. ताऱ्याच्या जागी काळं पडलं की कडेचा मिणमिणता ग्रह दिसणार. मशालीशेजारचा काजवा बघायचा तर आधी मशाल विझवावी लागते, तसं. दुर्बिणी परदेशात होत्या. इथे ताऱ्याच्या जागी लेझर होता, नुसत्या डोळ्याला न दिसणारा. ग्रहाच्या जागी दुसरा, अगदी मंद. दोन्ही दिसायचे ते फक्त त्या उजेडाचं चित्र करून दाखवणाऱ्या नळीतून, नाहीतर कॅमेऱ्याच्या पडद्यावर.

मखमलाबादच्या मळ्यात शेवंती ओवून तयार झालेली छायाची बोटं या कामाला बरोबर लागली होती. उजेड वाहून आणणारा केसासारखा फायबर काचेतल्या वाटेच्या तोंडाशी धरायचा, भिंगातून बघत सरळ करायचा, मग नळीला डोळा लावून सांगायचं, काळं झालं की नाही.

"झालं," ती आत्ताच म्हणाली होती. "मधे काळं. कडेचा ठिपका झकास दिसतोय."

पडद्यापाशी निकिता होती, नवीनच लागलेली. "कसलं काळं, ताई? इथं ढणढणतंय नुसतं. जेवण अंगावर आलं वाटतं तुमच्या."

छाया हसली. पुन्हा बघितलं. काळंच. मग तिनं नळीला डावा डोळा लावला. तारा पेटलेला होता.

डावा मिटून तिनं मान वर केली. भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे कडेनं होते, काटे नव्हते. निकिताची वेणी होती, कानातले डूल होते. चेहरा नव्हता. जिकडे बघावं तिकडे ते काळं आधीच जाऊन बसलेलं.

परवा उघड्या भिंगातून बघताना उजव्या डोळ्यात टिचकी मारल्यासारखं झालं होतं. तिनं साहेबांना सांगितलंही होतं. साहेब म्हणाले, पाणी मार. तिनं मारलं.

परवा डावा डोळाही भिंगाला लावला होता का? आठवेना. काही केल्या आठवेना.

"काय थांबलात?" साहेब केबिनमधून आले. "संध्याकाळी परदेशात फोटो पाठवायचाय."

"साहेब, उजव्यानं दिसेना झालंय. मधलं दिसत नाही."

"उन्हातून आलीस म्हणून. घरी जा, पड जरा." ते निकिताकडे वळले. "तू बस तिच्या जागी. भिंग घे."

निकितानं स्टूल ओढलं. भिंग उचललं, डोळ्याशी नेलं. छायानं भिंगावर आपला तळवा ठेवला.

"थांब गं."

"अहो ताई, साहेब म्हणतायत ना."

"म्हणू दे."

टेबलाच्या मागे लेझरची पेटी होती. तिच्यावरचा पॉवरचा काटा कायम हिरव्या पट्टीत असतो, म्हणून तिकडे कुणी बघत नसे. छाया वाकली आणि डाव्या डोळ्यानं बघितलं. काटा लाल पट्टीच्या टोकाला टेकला होता. त्या पेटीचीही किल्ली साहेबांच्याच खिशात असायची.

"पॉवर कुणी वाढवली?"

"कॅमेऱ्याला उजेड कमी पडत होता. ते तुझं काम नाही, छाया."

"परवा मी भिंगाला डोळा लावला, तेव्हा वाढवलेली होती. हे तुम्हाला ठाऊक होतं?"

साहेबांचा हात किल्ल्यांच्या खिशाकडे गेला. निकितानं भिंग हळूच टेबलावर ठेवलं.

छायानं डाव्या डोळ्यावर हात ठेवला, घट्ट. समोर साहेबांच्या शर्टाची कॉलर उरली, किल्ल्यांनी फुगलेला खिसा उरला, दोन कान उरले. मधे काळं. हात तिनं काढला नाही.

"मान हलवली असेल तर मला दिसली नाही, साहेब," ती म्हणाली. "तोंडानं सांगा. ठाऊक होतं की नव्हतं?"